माणसं नको, चुली मोज!

मैत्रिणींनो, दहा-बारा माणसांचा स्वयंपाक तुम्ही-आम्ही डोळे मिटून करतो. पाहुणे वाढले तर वरणात पाणी, आणि दोन वाट्या तांदूळ जास्त, एवढ्यावर निभावतं. पण आकडा शंभराच्या पलीकडे गेला, की भल्याभल्या सुगरणींच्या पोटात गोळा येतो. कमी पडलं तर अब्रू जाते, उरलं तर पैसे जातात नि दुसऱ्या दिवशी आंबलेल्या भाताचं पातेलं बघून जीव हळहळतो तो वेगळाच.

माझी अब्रू एकदा गेलेली आहे, म्हणून अधिकारवाणीने सांगते. २००४ साली जालन्यात आम्ही घर बांधलं. वास्तुशांतीला साठ पत्रिका वाटल्या, पत्रिकेमागे अडीच माणसं धरली, दीडशेचा स्वयंपाक सांगितला. मी मूळची पुण्याकडची. पत्रिकेवर आपण 'सहकुटुंब सहपरिवार' छापतो ते नुसतं छापायचं असतं, असा माझा समज! जालन्याच्या लोकांनी ते शब्द खरे मानले. दोनशेच्या वर पानं उठली. श्रीखंड तर दुसऱ्याच पंगतीला संपलं, मग भात संपला. धावपळ करून बाहेरून पोळ्या आणल्या, त्या चामट निघाल्या. पाहुणे कसेबसे जेवले. पण सकाळपासून राबलेली माझी धाकटी जाऊ, मोलकरीण, वाढायला आलेल्या शेजारच्या दोघी, यांनी संध्याकाळी पाच वाजता लोणचं नि खरवड खाल्ली. कुणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हा २०१९ साली सासूबाईंनी काशी करून आल्यावर 'मावंदं गावीच घालायचं' असं जाहीर केलं, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. मावंदं म्हणजे काशीयात्रा पार पडल्यावर घालायचं गावजेवण, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सासूबाईंची काशी वीस वर्षं लांबली होती. आमची मोसंबीची बाग २०१२-१३ च्या दुष्काळात वाळली, ती तोडून सरपणात गेली. त्या बागेवरच तर यात्रेचा हिशेब होता. आता कुठे योग आला, तर २०१८ चा पावसाळाही कोरडाच गेलेला. गावात टँकर येत होता. अशा वर्षी गावजेवण? दीर म्हणाले, "पुढच्या साली घालू." सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या साली मी हाय का नाय, कुणी सांगावं?" त्यावर कोण काय बोलणार!

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थच्या बाजूला. जालन्याहून अंबडमार्गे जावं लागतं. तुम्ही कधी या बाजूला आला नसाल तर सांगते. 'जालना, सोने का पालना' अशी जुनी म्हण आहे. आज तिथे लोखंडी सळयांचे कारखाने नि बियाणांच्या कंपन्या आहेत, पण आम्हां बायकांचं जालना म्हणजे मोंढा आणि भांड्यांची दुकानं. तूरडाळ, गूळ, हरभऱ्याची डाळ मोंढ्यातून पोत्याने घ्यावी, आणि घेताना मूठभर डाळ हातावर चोळून पाहावी. जुनी डाळ शिजायला तास जास्त घेते, आणि चारशे माणसांच्या आधणात तो तास फार महाग पडतो.

रामनवमीच्या आदल्या दिवशी मी एसटीने निघाले. अंबड आलं की माशाच्या आकाराच्या टेकडीवरची मत्स्योदरी देवी दिसते. खिडकीतूनच हात जोडले. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उपटून रचलेल्या पऱ्हाटीचे ढीग, मध्येच एखादी मोसंबीची बाग, निम्मी हिरवी निम्मी करपलेली. गोदावरीच्या अंगाला जावं तसा ऊस दिसू लागतो, पण त्या वर्षी तोही तुरळकच.

दुसऱ्या दिवशी सगळे जांबला रामजन्माला गेलो. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव. रामनवमीलाच, १६०८ साली, ठोसरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. तिथल्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेल्या नि ऑक्टोबरमध्ये सापडल्या, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात हे गाव वाचलं असेल. आम्ही गेलो तेव्हा त्या जागच्या जागी होत्या. बाराला पाळणा हलला, हातावर सुंठवडा पडला. समर्थ बाराव्या वर्षी बोहल्यावरून 'सावधान' ऐकून पळाले, ते जवळच्या आसनगावहून, असं सांगतात. मंदिराच्या सावलीत बसल्या बसल्या माझ्या मनात दुसरंच आलं. नवरदेव पळाला खरा, पण वऱ्हाडासाठी रांधलेल्या त्या अन्नाचं काय झालं असेल? चरित्रकार ते काही सांगत नाहीत. आमच्या थोरल्या जाऊबाईंना मी हे बोलून दाखवलं, तर त्या खळखळून हसल्या. "गावच जेवलं असंल बाई. वऱ्हाडाला कुठं गिळवतंय!"

या जाऊबाई म्हणजे चुलत दिरांच्या पत्नी. चौथी शिकलेल्या. पण पंचक्रोशीत कुठेही सप्ताह असो, लग्न असो, किती रांधायचं हे विचारायला लोक त्यांच्याकडे येतात. मी पुण्याहून नणंदेच्या हिशेबाची वही मागवली होती. ती काढून बसले आणि विचारलं, "जाऊबाई, गावात माणसं किती?"

"माणसं नगं मोजूस. चुली मोज."

गावाकडे आवतणाचे दोन प्रकार असतात, ते मला इतकी वर्षं नीट कळलेच नव्हते. 'घरटी एक' म्हणजे घरामागे एकच माणूस जेवायला येणार. आणि 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही, म्हातारंकोतारं, लेकरंबाळं, आलेला पाहुणा, सगळं घर आमच्याकडे. आवतण कोणतं यावरच निम्मा हिशेब ठरतो. सासूबाईंनी अर्थातच चूलबंद सांगितलं होतं.

मग कुंकवाची कोयरी घेऊन आम्ही दोघी आवतणाला निघालो. आवतण हे निमित्त, खरी ती मोजणी. जाऊबाई दारात उभ्या राहायच्या, कुंकू लावायच्या आणि बोलता बोलता सगळं काढून घ्यायच्या: सून माहेरी गेलीय का, पोरगं पुण्याला कंपनीत आहे ते येणार का, कुणाला शनिवार-रविवारचा उपास आहे का. एकशे अठरा चुली निघाल्या. त्यांत एकवीस दारांना कुलूप. ती ऊसतोडीला गेलेली माणसं. उरल्या सत्त्याण्णव. चुलीमागे साडेचार माणसं धरली, तर चारशे छत्तीस. बाहेरगावचे पाहुणे साठ. झाले पाचशेला चार कमी. यांत लहान लेकरं एकशे दहाच्या आसपास. त्यांची दोन पानं म्हणजे एक पोट. म्हणजे पंचावन्न वजा. वर आचारी, त्याचे गडी, मांडववाला, टँकरवाला. साडेचारशे पोटं, असा आकडा ठरला.

तारीखही उगीच नाही ठरवली. त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती. मतदानाआधी जेवण घातलं तर जेवायला कोण आलं नि कोण नाही यावरच महिनाभर चावडीत चर्चा. म्हणून मतदान उरकल्यावरचा रविवार धरला. त्या दिवशी शेजारच्या गावांत लग्न नाही, एकादशी-चतुर्थी नाही, हे पाहिलं. शहरात आपण हॉल मिळतो का एवढंच बघतो. पण त्याच दिवशी भावकीत दुसरं कार्य असलं तर तुमची चाळीस पानं तिकडे गेली, हे लक्षात ठेवा.

आता बेत. मला बासुंदी हवी होती. जाऊबाईंनी साफ नाही म्हटलं. चैत्राच्या उन्हात दुधाचा पदार्थ मोठ्या पंगतीला करू नये. सकाळी केलेलं दूध तिसऱ्या पंगतीपर्यंत टिकेलच असं नाही, आणि उन्हाळ्यात गावजेवणातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून गोडाला बुंदी. पोळ्या, वांगं-बटाट्याची रस्साभाजी, वरण-भात आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं नि मसाल्यांचं आमच्या मराठवाड्यातलं पीठ. त्याची झणझणीत पातळ आमटी करतात. पंगतीच्या बेतात एक तरी पदार्थ असा हवा, की जो ऐनवेळी वाढवता येतो. गरम पाणी, दोन मुठी येसर, वरून तिखटाची फोडणी, की वीस माणसांची आमटी झाली. श्रीखंड असं वाढवता येत नाही, हे मी अनुभवाने जाणत होतेच!

जाऊबाई पायलीने बोलायच्या, मी किलोने. पायली गावोगावी वेगळी, आणि शीग लावून भरली की सपाट भरली यानेही फरक पडतो. आमच्या घरच्या पायलीत तो पाव किलोहून जास्त भरला. म्हणून जुन्या बायकांनी पायलीत सांगितलेलं माप एकदा काट्यावर घालून पाहावं, मगच वहीत उतरवावं. आमच्या साडेचारशे पोटांचं असं झालं. तांदूळ माणशी सत्तर ग्रॅम, म्हणजे साधारण बत्तीस किलो. तूरडाळ माणशी तीस ग्रॅम, चौदा किलो. पोळ्या माणशी तीन. किलोच्या कणकेत मध्यम पोळ्या पंचवीस होतात, म्हणजे साडेतेराशे पोळ्यांना चोपन्न किलो पीठ. वांगी तीस किलो नि बटाटे पंधरा. बुंदीला बारा किलो बेसन नि अठरा किलो साखर. त्यातून चौतीस किलोच्या आसपास बुंदी पडते, म्हणजे माणशी पंच्याहत्तर ग्रॅम.

तुम्ही शहरात शंभर पानांचं करणार असाल तर पिठात हात आखडा. शहरातली माणसं दोन-अडीच पोळ्यांवर थांबतात. शंभरांना दहा किलो कणीक पुरे. पुऱ्या करणार असाल तरी तेवढीच, कारण किलोत पंचावन्न-साठ पुऱ्या होतात आणि माणशी सहा लागतात. तांदूळ सात किलो, डाळ तीन, भाजी दहा-अकरा किलो, श्रीखंड असेल तर दहा ते बारा किलो, मठ्ठ्याला पाच लिटर दही. तिखट-मसाला मात्र सरळ गुणाकाराने घालू नका. चार माणसांच्या भाजीला चमचाभर तिखट, म्हणून चारशेंना शंभर चमचे, असं केलंत तर जेवणारे उठून जातील! पाऊण हिशेबाने घालावं, उकळी आल्यावर चाखावं, मग वाढवावं. मिठाचंही तसंच. आणि रात्रीचं जेवण असेल तर भात थोडा कमी; कीर्तनानंतरचं असेल तर सगळंच जास्त, कारण लोक दोन तास टाळ्या वाजवून आलेले असतात.

चोपन्न किलोच्या पोळ्या लाटणार कोण, हा मला पडलेला प्रश्न. गावाला तो पडतच नाही. छत्तीस घरांत दीड-दीड किलो पीठ वाटून दिलं, सोबत तेलाची वाटी. सकाळी दहापर्यंत टोपल्या झाकून हजर. कुणाच्या पोळ्या पातळ, कुणाच्या जाड, एकीच्या चक्क चौकोनी! पाण्याचा प्रश्न खरा अवघड होता. पाच हजार लिटरचा टँकर विकत घेतला आणि सगळं पत्रावळी-द्रोणांवर ठेवलं, म्हणजे धुवायला फक्त हंडे नि पातेली. मोठी भांडी देवळातून आणली होती.

आदल्या रात्री जाऊबाईंनी आचाऱ्याला जे सांगितलं, ते मी अधोरेखित करून ठेवलं आहे. बत्तीस किलो तांदूळ एकदम टाकायचा नाही. आधी बावीस किलो. दुसरी पंगत बसली की माणसं बघून उरलेला दहा. आणि शिवाय आठ किलो घरात कच्चाच ठेवलेला. कच्चा तांदूळ उरला तर उद्या घरात लागतो, भात उरला तर उन्हाळ्यात रात्रीच्या आत वास मारतो.

दुसरं एक काम त्यांनी केलं, ते पाहून मी गप्पच झाले. पहिली पंगत बसायच्या आधी त्यांनी एका पातेल्यात वरण, एकात भाजी, परातीत भात, डब्यात बुंदी असं काढलं, झाकलं, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. "हे कुणाचं?" मी विचारलं. "वाढणाऱ्यांचं नि रांधणाऱ्यांचं. पस्तीस हायत." मी म्हटलं, "पण त्या चुलींच्या मोजणीत आल्या आहेतच की." तर म्हणाल्या, "मोजणीत हायत गं, पातेल्यात कुठं हायत?"

रविवारी सकाळी अकराला पहिली पंगत बसली, लेकरांची. दुसरी बापयांची. सगळं वहीत लिहिल्याबरहुकूम चाललं होतं, आणि बाराच्या सुमारास वेशीकडून दोन ट्रक आले. कारखान्याचा पट्टा पडला होता. ऊसतोडीची माणसं सहा महिन्यांनी घरी परतत होती. बिऱ्हाडं, कोंबड्या, खाटा, पोरं, सगळं ट्रकात. कुलूप असलेल्या एकवीस दारांपैकी बारा दारं त्या दुपारी उघडली.

त्यांच्या घरी आवतण गेलेलंच नव्हतं, कारण घरं बंद होती. माझ्या मनात आलेलं लपवत नाही: एका क्षणी मला वाटलं, त्यांना कळलं नाही तर बरं. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी ट्रक पाहिले आणि दिरांना म्हणाल्या, "जा, कुंकू घेऊन जा. बारा चुली बंद ठेवायला सांग."

म्हणजे आणखी पन्नास-पंचावन्न माणसं, तीही रात्रभर ट्रकात बसून आलेली, भुकेली. राखीव आठ किलोतला पाच किलो तांदूळ चढला. येसराच्या आमटीत हंडाभर पाणी वाढलं. पोळ्या मात्र खरोखरच कमी पडल्या. जाऊबाईंनी चार घरांत ज्वारीचं पीठ पाठवलं आणि शेवटच्या पंगतीला गरम भाकरी आल्या. बुंदी डावाऐवजी अर्धा डाव. आणि वरण संपलं.

दीर घामाघूम होऊन आत आले. "ते कोपऱ्यातलं पातेलं काढा. पंगत खोळंबलीय." मी उठलेसुद्धा. पंधरा वर्षांपूर्वीची वास्तुशांत आठवून माझे हात कापत होते. पाहुणे आधी, हेच आपल्याला शिकवलेलं. जाऊबाई पातेल्याच्या झाकणावर हात ठेवून बसल्या. थोरल्या दिरांपुढे त्या कधी मोठ्याने बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या, तेव्हाही नाही बोलल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे चार वाजल्यापासून उपाशी असलेल्या बायांचं हाय. पंगतीला येसर वाढा, भाताबरोबर ग्वाड लागतंय." दीर क्षणभर उभे राहिले नि आमटीची बादली उचलून गेले. पंगतीत कुणीही वरण मागितलं नाही. उलट ट्रकातून उतरलेल्या एका बाईने आमटी दोनदा मागून घेतली. सहा महिने कोपीवर भाकरी-ठेच्यावर काढल्यावर येसर म्हणजे मेजवानीच, म्हणाली.

साडेतीनला आम्ही बायका बसलो. मधोमध सासूबाई. त्या सकाळपासून जेवल्या नव्हत्या. मावंदं त्यांचं, पण त्यांनी आपलं पान या शेवटच्या पंगतीतच मांडायला लावलं. पस्तीस जणींना सगळं पुरलं. वरण, भाजी, भात, बुंदी, सगळं. सासूबाई गंगेच्या गडूतलं तीर्थ प्रत्येकीच्या हातावर घालत होत्या आणि काशीत बदाम कसे महाग, बोळ किती अरुंद, हे सांगत होत्या. पोळ्या वाटून आणणाऱ्या बायका एकमेकींच्या पोळ्या ओळखून हसत होत्या. चौकोनी पोळीवाली तर लाजून लाल झाली होती.

संध्याकाळी हिशेब केला. तांदूळ तीन किलो उरला, तो माळ्यावर गेला. टँकरमध्ये हजारेक लिटर पाणी होतं, ते शेजाऱ्यांनी घागरींनी नेलं. बुंदीचा चुरा लेकरांनी संपवला. माझं एक चुकलंच: बंद दारांची मी शून्य माणसं धरली होती. जाऊबाई म्हणाल्या, चैत्रात बंद दारामागं निम्मी माणसं धरावीत, पाडव्यानंतर ती कधीही येतात. त्यांनी हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "म्हणून तर आठ किलो ठिवला व्हता."

येत्या मार्गशीर्षात माझ्या पुतणीचं लग्न आहे, जालन्यातच. हे म्हणतात, केटररला ताटांचा आकडा सांगितला की झालं. मी आपली वही घेऊन बसले आहे. पत्रिका एकशे चाळीस जाणार आहेत. त्यांच्यापुढे मी नावं नाही, चुली लिहिते आहे. आणि केटररला पहिला प्रश्न विचारला आहे, की तुमच्या वाढप्यांचं नि भांडी घासणाऱ्या बायकांचं जेवण कोणत्या भांड्यात काढता, ते मला आधी दाखवा. तो अजून विचार करतो आहे!